नितीनचा दुसरा आवाज

रविवार, संध्याकाळ. बाळकुम.

लॅपटॉपमधली जागा भरली म्हणून लिनक्सवरची न लागणारी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅम, काढत होते. एकाशी हात थांबला. टाइप केलेलं मोठ्याने वाचणारं. घशाच्या ऑपरेशननंतर नितीन कित्येक महिने यातूनच माझ्याशी बोलायचा. तो पत्र्यासारखा आवाज! आता नवरा स्वतः बोलतो, घोगरं का होईना. मग मला हे काढवत का नाही?

"नितीन, हे उडवू का रे?"

त्याने लॅपटॉप ओढून काहीतरी टाइप केलं. पत्र्याचा आवाज म्हणाला, "संगीता, मी निघतो. याला सांभाळ."

हसता हसता रडूच आलं. डोळे पुसून एंटर दाबलं आणि ते पॅकेज काढून टाकलं.

"आता माझंच ऐकावं लागणार तुला," नितीन म्हणाला.

म्हटलं, "बोल रे. हवं तेवढं बोल."