ब्याऐंशीतून सत्तेचाळीस

सोमवार, ५ जानेवारी २०२६

आज पुन्हा! केंद्रप्रमुख ऑफिसात चहा पीत बसले होते आणि जगदेव सरांनी माझ्याकडे बोट केलं — "हे सुकेशनी. माहीच विद्यार्थिनी! तिसरीत माह्या हाताखाली होती. हिचं गणित मीच पक्कं केलं." मी हसले. मुख्याध्यापकांसमोर हसावं लागतं.

बदलीच्या यादीत या शाळेचं नाव आलं तेव्हा इथं मुख्याध्यापक कोण आहे ते मला माहीत नव्हतं. जूनमध्ये गेटातून आत आले तर समोर तेच! केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच. येत्या ३१ मार्चला निवृत्त होणार. म्हणजे माझ्या हातात तीन महिनेसुद्धा नाहीत.

कशासाठी, ते एकदाच इथं लिहून ठेवते.

सन दोन हजार. शेलूबाजारजवळचं आमचं गाव, तिसरीचा वर्ग. जगदेव गुरुजींनी फळ्यावर घातलं — ८२ वजा ४७. बाकीच्यांनी पाटीवर आडव्या रेघा मारायला घेतल्या, तोवर मी ३५ लिहून मोकळी! आई बाजारात मेथी विकायची, मी तिच्या शेजारी बसायचे. ब्याऐंशी जुड्या आणल्या, सत्तेचाळीस गेल्या, उरल्या किती? आई वजा करायचीच नाही. सत्तेचाळीसवरून वर चढायची. तीन टाकले की पन्नास, वर बत्तीस टाकले की ब्याऐंशी. तीन आणि बत्तीस, पस्तीस. मीही तसंच केलं.

"हातचा कुठाय?"

लागलाच नाही गुरुजी, म्हटलं.

"पाहून लिहिलं! योगिनीचं पाहून लिहिलं!"

योगिनी म्हणजे पाटलांची मुलगी, माझ्या शेजारी बसायची. अहो, तिचं उत्तर ४५ होतं! चुकीचं पाहून बरोबर कसं लिहितात? पण आमच्या वस्तीतली पोरगी, तिचं बरोबर येईलच कसं! माझ्या पाटीवर खडूनं लिहिलं — 'मी पाहून लिहिते'. पाटीला सुतळी ओवली, माझ्या गळ्यात अडकवली आणि चारही वर्गांतून फिरवलं. पहिलीत माझा धाकटा भाऊ बसला होता. तो घाबरून रडला. मी रडले नाही.

आणि म्हणे गणित पक्कं केलं!


मंगळवार, ६ जानेवारी

संधी चालून आली. २४ फेब्रुवारीची शिक्षण परिषद आपल्या शाळेत. केंद्रातल्या अकरा शाळांचे चाळीसेक शिक्षक येणार. विषय — वजाबाकी!! तिसरीचा नमुना पाठ मी घ्यायचा, चौथीचा सरांनी.

सरांनीच विषय निवडला. म्हणाले, "आपल्या हातचा विषय हाय."


सोमवार, १२ जानेवारी

रंगूबाईच्या चुलीजवळच्या तुराट्या उचलल्या. वाळलेल्या, सरळ, बोटभर लांब तुकडे केले की मोजायला झकास. रंगूबाई शाळेची खिचडी शिजवते. पदर खोचून आली — "म्याडम, मंग खिचडी कायच्यावर शिजवू? तुमच्या गणितावर?" उद्या घरून आणून देते म्हटलं तेव्हा गेली.

सुटी काडी म्हणजे एक. दहा काड्या सुतळीनं बांधल्या की मोळी. दहा मोळ्यांचा भारा. वर्गातला नियम एकच — उत्तर सांगायचं नाही, कसं काढलं ते सांगायचं. पोरं गोंधळली. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

हेमला तांड्यावरची. आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. फारशी बोलत नाही. तिच्यासमोर चार मोळ्या नि तीन काड्या, त्यातून आठ काड्या द्यायच्या. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बाई, मोळी सोडली तं चालंन का?"

मी काही शिकवलं नव्हतं! चालेल म्हटलं. तिनं दातांनी गाठ सोडली. मग सगळा वर्ग मोळ्या सोडायला लागला. बारा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

आणि लगेच डोक्यात आलं — सरांना हिच्याच हातून हरवायचं.


बुधवार, २१ जानेवारी

सर दारात उभे. "हा काय कचरा मांडला? पाढे म्हणून घे. तीसपर्यंत पाढे पाठ झाले का वजाबाकी आपोआप येते."

आपोआप! तारखेसकट लिहून ठेवते आहे.


सोमवार, २ फेब्रुवारी

सर पंचायत समितीत गेले होते. चौथी माझ्या वर्गात आणून बसवली. ठरवूनच एक गणित घातलं — ५०० वजा १३७.

सतरा पोरं. चौदा चूक! बहुतेकांचं ४३७. शून्यातून सात जात नाही ना, मग सातातूनच शून्य वजा केलं. शून्यातून तीन जात नाही, मग तिनातून शून्य. तेच ते, जे योगिनीनं केलं होतं. पंचवीस वर्षं शिकवून सरांनी तीच चूक पिकवली!

ज्या तिघांचं बरोबर आलं त्यांत चंदा. तिला विचारलं, मधल्या शून्याचे नऊ कसे झाले गं? ती म्हणाली, "सर म्हन्तात, तसंच अस्ते."

आनंद झाला. पोरांचं चुकलं याचा आनंद! चौदा पानं बघून गुदगुल्या झाल्या. चंदा म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना, कसे झाले?"

दहा मिनिटांचं काम होतं. काड्या तिथंच पडल्या होत्या.

सांगितलं नाही. सरांना विचार म्हटलं. २४ तारखेपर्यंत चौथी अशीच राहिली पाहिजे.


मंगळवार, ३ फेब्रुवारी

चंदा मधल्या सुटीत पुन्हा आली. परत पाठवली.


रविवार, ८ फेब्रुवारी

धम्मपालला सगळा बेत सांगितला. नवरा म्हणून निदान माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. तर म्हणतो, "सोड ना आता. पंचवीस वर्षं झाले. मानूस रिटायर होऊन राह्यला. त्याले कायले छळतं?"

पाटी तुझ्या गळ्यात होती का, म्हटलं. तो जेवत राहिला. भाजीत मीठ कमी होतं, तेही बोलला नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

तिसरी आता भांडते! गोलूनं मोळ्या सोडून काढलं, वैभवीनं आधी जास्त वजा करून मग परत मिळवलं, आणि कोणाचं सोपं यावर दोघांची जुंपली. साठ वजा अठ्ठावीस चाललं होतं. तेवढ्यात खिडकीतून रंगूबाई — "बत्तीस! अठ्ठाईसावर दोन म्हंजे तीस, अन् वरते तीस." हातात पळी तशीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या तर लाजून पळाली.

ती पण वरच चढते. माझ्या आईसारखी. किती घरांत अशी वजाबाकी असेल आणि शाळेच्या दारात ती बाहेर काढून ठेवावी लागत असेल! याचा विचार केला की सरांवरचा राग आणखी चढतो. बरं आहे, उतरायला नकोच.


सोमवार, २३ फेब्रुवारी

उद्या!


मंगळवार, २४ फेब्रुवारी

झालं!! क्रमानं लिहिते, काही सुटायला नको.

आधी सरांचा पाठ. नवा शर्ट घातला होता. फळ्यावर सुंदर अक्षरात ५०० वजा १३७. पोरांकडून सुरात म्हणवून घेतलं — शून्यातून सात जात नाही, शेजारी शून्य, त्याच्या शेजाऱ्याकडून हातचा घेतला, शून्याचे झाले नऊ, या शून्याचे झाले दहा. उत्तर ३६३. चंदालाच उभं केलं होतं. छान झाला पाठ. चाळीस शिक्षक माना डोलवत होते. त्यांतल्या निम्म्यांना तेवढंच येतं.

मग प्रश्नोत्तरं. मी हात वर केला. आवाज गोड ठेवला.

"सर, एक शंका. मधल्या शून्याचे नऊ कसे झाले?"

"नियम हाय तो."

"हो सर. पण नऊच का? आले कुठून?"

सर हसले. फळ्याकडे वळले. नवाखाली रेघ मारली. पुसली. पुन्हा मारली. मागून कोणीतरी खुसखुसलं. सर म्हणाले, "तसंच अस्ते ते." मग तर सगळेच हसले. केंद्रप्रमुखही! सरांचे कान लाल झालेले मी बघितले. मनसोक्त बघितले.

"आमची तिसरीतली हेमला सांगेल," म्हटलं.

हेमला पुढं आली, पाच भारे मांडले. एक भारा सोडला, दहा मोळ्या. त्यातली एक मोळी सोडली, दहा काड्या. मग उरलेल्या मोळ्या एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "ह्या नऊ." एवढंच. टाळ्या थांबेनात. एक म्हातारे शिक्षक म्हणाले, "आयुष्य गेलं, आज समजलं."

मी थांबले नाही. फळ्यावर लिहिलं — ८२ वजा ४७. सत्तेचाळीसवर तीन, पन्नास. वर बत्तीस, ब्याऐंशी. पस्तीस. म्हटलं, "बाजारात बसणाऱ्या बाया अशीच वजाबाकी करतात. हातचा लागत नाही. उत्तर बरोबर येतं. असं उत्तर काढणाऱ्या लेकराला कोणी चोर म्हणू नये." आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

सर पांढरे पडले. लहान पोरांच्या बाकावर बसले, गुडघे वर आले. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या वीरेंद्रनं पाणी आणून दिलं तर ग्लास हातात तसाच.

ओळखलं! आज मला ओळखलं त्यांनी! आठ महिने 'माहीच विद्यार्थिनी, माहीच विद्यार्थिनी' करत होते, आज कळलं कोणती ते!

घरी येताना चौकातून पावशेर जिलबी घेतली.


बुधवार, २५ फेब्रुवारी

सर दिवसभर ऑफिसातून बाहेर आले नाहीत. चौथीला मी मोळ्या दिल्या. एका तासात तेरा जणांना आलं. एका तासात!

चंदा बोलली नाही माझ्याशी. काड्या मोजल्या, उत्तर लिहिलं, पाटी दाखवायला आली नाही.

वीरेंद्र वयानं लहान आहे, सहसा मला काही बोलत नाही. आज म्हणाला, "म्याडम, पोट्टे सांगून राह्यले, तुमी दोन तारखेलेच हे गणित घातलं होतं. तवाच काहून नाही सांगितलं त्याहिले?"

काम आहे म्हटलं आणि उठले. मी काही चूक केलेली नाही. तीन आठवड्यांनी काय बिघडतं? माझी पंचवीस वर्षं गेली.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

सर वर्गाच्या दारात आले. आत येऊ का, असं विचारलं — मला! ते आणि विचारणार! डोळे सुजलेले. म्हणाले, "सुकेशनी, त्या दिवशी तू ब्याऐंशीचं लिहिलं... मले झोप नाही तवापासून. मले शनवारी परिपाठात बोलाचं हाय. सगळ्या पोट्ट्यायच्या समोर. तू म्होरं उभी राह्यजो."

बरं सर, म्हटलं. आवाज कापला नाही याचं मलाच कौतुक.


शुक्रवार, २७ फेब्रुवारी

निळी साडी इस्त्री केली. धम्मपालला बजावलं — सकाळी सातला शाळेत यायचं, फोन चार्ज करून, पूर्ण व्हिडिओ काढायचा. एक शब्द सुटता कामा नये. भावाला पाठवणार. योगिनीलाही पाठवणार, अकोल्याला असते म्हणे. आईला दाखवता आला असता तर!

"माफी मागितल्यावर काय करशील?" धम्मपालनं विचारलं. ते नाही ठरवलं. लगेच 'जाऊ द्या सर' म्हणायचं नाही, एवढं नक्की. थोडा वेळ तसंच उभं राहू द्यायचं.


शनिवार, २८ फेब्रुवारी

बोलले. सगळं बोलले. पोरीचं उत्तर बरोबर होतं, मलाच तिची रीत समजली नाही, मी तिला चोर म्हटलं, गळ्यात पाटी अडकवून वर्गावर्गात फिरवलं. पोरांसमोर रडले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही म्हणाले. शहाण्णव साल होतं म्हणाले. नाव घेतलं — पौर्णिमा.

शहाण्णव साली मी चार वर्षांची होते.

धम्मपालनं फोन खाली केला. परिपाठ संपल्यावर मी ऑफिसात गेले. म्हटलं, सर, आणि माझ्या गळ्यातली पाटी?

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग अगदी हळू म्हणाले, "तुले बी?"