एका छपराखाली दोन चुली

तोकामाची, ८ मार्च

ती. शिगेनोताईस शि. सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी तांदूळ धुऊन कुकर लावला, दारापुढचं बर्फ ओढलं, ह्यांच्या डब्यात मुळ्याचं लोणचं भरलं आणि मोजे शोधून देता देता चार शब्द सुनावले. कुठली सकाळ, ते सांगता यायचं नाही. सगळ्या तशाच असत. हे गेले, तरी भाताची पहिली वाटी अजून देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे ठेवते, मगच मी खाते.

आज हे लिहायचं कारण म्हणजे घर. जुनं पाडून त्याच जागी नवं बांधायचं, आणि तेत्सुरो व सूनबाई मिनोरी कायमची इथे राहायला येणार. रविवारी एका मोठ्या कंपनीची नमुन्याची घरं पाहिली. प्रत्येक दारात चपला काढून कंबर गेली. विक्रीवाले कुझेसाहेब तर नमस्काराला इतके वाकत होते, की मला त्यांच्याच कमरेची काळजी. भिंती कारखान्यातून तयार येतात म्हणे, आणि छपरावरचं बर्फ आपोआप वितळतं. तेत्सुरोला आवडलं ते एकत्र राहण्याचं घर: एक दार, एक मोठं स्वयंपाकघर. आईला आता एकटीनं जेवावं लागणार नाही, म्हणाला. तुमच्या सोयीचं ते करा, म्हटलं. मिनोरी म्हणाली, आईंना चालेल ते मला चालेल.

खरं सांगू? ही दोघं सकाळी पाव खातात. मग मी ह्यांच्यापुढे काय ठेवू, लोणी लावलेला पाव? तिच्या ओट्यावर रोज पहाटे मी भांडी वाजवत बसायचं, हेही बरं नव्हे. माझी एक शेगडी वेगळी असावी, एवढंच मागणं आहे. पण बोलले तर मुलगा दुखावेल आणि गाव म्हणेल, सासूसुनेचं पटत नाही. शनिवारी करारावर शिक्का मारायचा आहे.

तब्येत सांभाळ. तुझ्या पत्राची वाट पाहते.

तुझी त्सुयाको

कानाझावा, ११ मार्च

प्रिय त्सुयास अनेक आशीर्वाद.

शिळा मासा परत करताना तुझी जीभ साऱ्या बाजाराला ऐकू जाते, आणि पोटच्या पोरापुढे तुला वाचा फुटत नाही! तूच गप्प बसलीस, तर देव्हाऱ्यातल्या योशिहारूपुढच्या भाताचं त्या पोराला कळणार कसं?

आणि मिनोरी म्हणाली ना, आईंना चालेल ते मला चालेल? आपण सुना होतो तेव्हा हे वाक्य कधी म्हणायचो, ते जरा आठव. शिक्का पिशवीतून काढायच्या आधी तोंड उघड. काय झालं ते कळव, नाहीतर मीच येऊन थडकेन.

तुझं बरं चिंतणारी,
ताई

तोकामाची, १६ मार्च

ती. ताईस सा. न.

उघडलं तोंड. कुझेसाहेबांनी कागद पुढे सरकवला, तेव्हा मी म्हटलं, तेत्सुरो, मला माझी वेगळी शेगडी हवी. का, तेही सांगितलं. मिनोरीनं तोंड ओंजळीत लपवलं. वाटलं, रडवली मी हिला. तर ती हसत होती! म्हणाली, आई, तुमच्या लाल मिसोचं खारट सार मी दर नववर्षाला औषधासारखं गिळते. मलाही माझा ओटा हवा होता. मी म्हटलं, बाई गं, तुझं माहेरचं, कुमामोतोकडचं गोड सार मला खिरीसारखं लागतं. तेत्सुरो बिचारा विचारतो, मग मी जेवायचं कुठे? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, जिथे भांडी घासशील तिथे!

कुझेसाहेब माफी मागत पुन्हा वाकले. त्या नमुन्यात दुसरी चूल बसत नव्हती. तेव्हा गावातल्या ओनोझुका सुतारांकडे गेलो. ते लाकडाचं घर बांधतात, वेळ जास्त लागेल, पण बर्फ पडायच्या आत छप्पर चढवतो म्हणाले. पूर्वेला माझी खोली, देव्हारा आणि छोटा ओटा. मध्ये सरकतं दार. तेत्सुरोनं नकाशावर ह्यांची जागा स्वतः आखली आणि बराच वेळ पेन्सिल तिथेच धरून बसला.

आजवर जीव लावलास, तसाच लाव.

तुझी त्सुया

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज मिनोरीबरोबर जाऊन दोन नळ पसंत करून आले.