आडेलाला तुझ्याकडे पाठवतेय

आई,
आशीर्वाद असू दे. माझी काळजी नको. तुरुंगात सगळ्या बायकांना खरजेच्या गोळ्या मिळाल्या, माझी खाज थांबली.

माझ्याजवळ असलेल्या आडेलाला मात्र गोळी चालत नाही, पोर फार लहान आहे. गंधकाचं मलम लावलं, तर कातडी लाल झाली आणि खरूज राहिलीच.

नर्स ओतिलिया म्हणाली, "तान्ह्यांना चालणारं क्रीम आमच्याकडे येतच नाही गं. पोरीला आजीकडे पाठव."

म्हणून रुफिनोदादा तिला तुझ्याकडे आणतोय. तिकडच्या दवाखान्यातून ते क्रीम घे आणि डोक्यापासून तळपायापर्यंत लाव. दुधासाठी रडेल, मक्याचा पातळ आतोल पाज. तुझे गुडघे कसे आहेत?

तिला भेटीला आणू नकोस, इथे पुन्हा खरूज लागेल. मी सुटेन तोवर ती तुलाच आई म्हणत असेल. म्हणू दे.

तुझीच,
एर्मेलिंदा