मोटार आता कोळशावर

निपाणी, ७ फेब्रुवारी १९४३

आला! आमच्या सर्व्हिस मोटारीला गॅस प्लँट आला! लढाईमुळं पेट्रोल न्हाय, तीन महिने मोटार नुसती उभी. आता मागं पिंपाएवढी भट्टी बसवलीय. नंदगडच्या रानातला कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा — त्याचा गॅस थेट इंजिनात! आप्पांना इंग्रजी येत न्हाय. सोबतचं पुस्तक मीच वाचून सांगितलं. ड्रायव्हर यल्लाप्पा म्हणाला, "ही तर सायबाची चूलच की, धाकले मालक!"

८ फेब्रुवारी

एक पान मी सांगितलंच न्हाय. ह्या गॅसला वास नसतो, कोंडला तर माणूस मरतो, उघड्यावरच पेटवा — असं लिहिलंय. ऐकून आप्पांनी प्लँट परत पाठवला असता. उद्या सांगीन.

११ फेब्रुवारी

स्तवनिधीच्या घाटात मोटार दमली. यल्लाप्पा ओरडला, "बायका बसू द्यात, गडी समदे खाली! ढकला!" सदलग्याचा एक तंबाखूवाला उतरता उतरता म्हणाला, "मग अर्धं तिकीट माघारी दे की रं!" लई हसलो.

१९ फेब्रुवारी

भट्टी पेटवली की यल्लाप्पाचं डोकं दुखतंय. त्याच्या बायकोनं, मालुबाईनं, मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढली. "समद्या गावाचा डोळा हाय मोटारीवर." आता तो शेडचं दार लावून पेटवतोय — पेटवताना कुणी बघू नये म्हणून!

२० फेब्रुवारी

म्हटलं, "यल्लाप्पा, दार उघडं ठेव की."

"का वो?"

"...उकडतंय आत."

"पहाटंचं? ह्या थंडीत?" हसायला लागला.

पुढं बोललोच न्हाय. पान लपवलं हे आप्पांना कळंल म्हणून. भेकड!

२३ फेब्रुवारी

यल्लाप्पा गेला. दार आतनं बंद — फोडावं लागलं. हात पंख्याच्या दांड्यावरच हुता. गाल तांबडे, झोपल्यागत. मालुबाई कपाळ बडवून म्हणत हुती, "लागलीच की वो दिष्ट!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी.

२४ फेब्रुवारी

लिहवत न्हाय.

२६ फेब्रुवारी

आप्पांना समदं सांगितलं. त्यांनी वर बघितलंबी न्हाय. "ठाऊक हाय. बेळगावात प्लँट घेतानाच सांगितलंतं मला. ड्रायव्हर समदे लढाईवर — कळलं असतं तर यल्लाप्पाबी काम सोडून गेला असता. उद्या नवा येतोय. त्याला काय सांगू नगंस."