कोळशात काढलेली पाठ

बाबा,

परवा शिवाजी पार्कावरच्या सभेत माझं चित्र व्यासपीठामागे लावलं होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले कामगार, सगळे पाठमोरे, आणि सर्वांत पुढे एक उघडाबंब माणूस. लोकांनी वाहवा केली, समितीवाल्यांनी पुढच्या सभेचं कामही तिथल्या तिथे दिलं. आई माझ्याबरोबर होती. तिने पदराने डोळ्यांवरचं ऊन अडवत चित्र बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तुझो बापूस." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तुम्हांला जाऊन पंधरा वर्षं झाली, आता भांडायचं तरी कोणाशी, म्हणून लिहायला बसलो.

मी शाळेत होतो तेव्हा संपानंतर गिरणीने तुम्हांला परत घेतलं नाही, आणि तुम्ही चित्रकलेच्या शाळेत पट्टेवाला म्हणून लागलात. निदान घरी तसं सांगितलंत. संध्याकाळी लालबागच्या खोलीत येता, पालथे पडता, मला हाक मारता. मी भिंतीला हात धरून तुमची पाठ तुडवतो. डाव्या खांद्याखाली मशीनचा पट्टा लागून झालेला लांबट व्रण माझ्या टाचेला पाठ झाला होता. कागद इकडचे तिकडे नेऊन पाठ इतकी कशी धरते, हे मला कधी सुचलं नाही. मी एकदाच विचारलं, ते वेगळंच: तुमच्या शाळेत मला चित्र शिकायला घालाल का? तुम्ही जेवता जेवता थांबलात. "ती जागा माका म्हायत आसा. त्यांका माणूस दिसणा नाय." मला वाटलं, गिरणीतल्या माणसाला चित्रातलं काय कळतंय. अठरावं लागलं तशी तुम्ही मला पलटणीच्या भरतीला घेऊन गेलात आणि मी रांगेतून पळू नये म्हणून शेवटपर्यंत फाटकाशी उभे राहिलात.

उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेली. जवानांना घरी पाठवायला मी त्यांचे चेहरे काढून द्यायचो, तेवढंच माझं चित्र. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा लढाई चालू होती, रजा मिळाली नाही. पेन्शन घेऊन आलो आणि फणसवाडीत एका चित्रकार मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसलो. निम्म्या वयाची पोरं मला हवालदार म्हणायची. मास्तरही म्हणायचे, "हवालदार, रेघ कवायतीला उभी करू नका हो, ती माणसाची मांडी आहे."

एके दिवशी मॉडेल आला नाही. मास्तरांनी आपल्या तरुणपणी कोळशात काढलेला एक मोठा कागद भिंतीवर लावला. "हा आमच्या शाळेत बसायचा. तासन्‌तास हलायचा नाही. तोंड मात्र काढू द्यायचा नाही, पाठच. नाव काय होतं कोण जाणे." लंगोट लावून स्टुलावर बसलेला माणूस. डाव्या खांद्याखाली लांबट व्रण. मी वर्गात तोंड उघडलं नाही. घरीही नाही, आईला या वयात हे कशाला, असं वाटलं.

त्या पाठीने माझं नशीब काढलं. हमाल काढा, कोळी काढा, तीच पाठ हातातून उतरते. दादरचे डॉक्टर दिवाणखान्यात लावतात. म्हणजे तुम्ही उघडे बसून तेव्हा मला जेवू घातलंत आणि आजही घालताय.

सभेहून परतल्यावर मी आईला विचारलं, तुला ठाऊक होतं? तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं. मग मला पलटणीत का घातलं? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो म्हणायचो, उद्या आपलो झील थंय शिकूक इलो तर माकाच काढूक बसतलो. मगे मी खंय बघू?"

एवढ्यासाठी, बाबा? माझं अख्खं तरुणपण एवढ्यासाठी? बसलो असतो काढत. पोरांनी चार दिवस चिडवलं असतं. घरी येऊन नेहमीसारखी पाठ तुडवली असती. तुमच्या लाजेची किंमत मी बर्फात आणि चिखलात उभं राहून भरली, आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत की तुला लाज वाटेल का. हे मी माफ केलेलं नाही, आणि करीन असं आज तरी वाटत नाही.

हे पत्र ट्रंकेत पडून राहील. फक्त एक गोष्ट सांगतो, ती आईलाही सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी वर्गात मला राग आला नव्हता, तो परवा आला. तुमच्याकडे इतका वेळ बघायला मला कधी मिळालंच नव्हतं. पोरं निघून गेली, मास्तर कागद उतरवायला आले, तेव्हा मी म्हटलं, अजून थोडा वेळ राहू द्या.