कात्रपला आयटी पार्क झालाच पाहिजे

१५ जून, रविवार. सकाळ
पालिकेने शहराचा पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. हरकती-सूचना मागवल्या आहेत. म्हणजे मलाच बोलावणं. अंबरनाथच्या कंपनीत जन्म प्लॅनिंग सेक्शनला काढला. डब्यांच्या झाकणांचं प्लॅनिंग होतं, पण प्लॅनिंग ते प्लॅनिंग.

नकाशा पाहिला. जिकडेतिकडे पिवळा, म्हणजे घरं. ऑफिसांचा निळा चिमूटभर. मग यज्ञेशसारखी मुलं पुण्याला जाणार नाहीत तर काय?

संकल्प: कात्रपच्या पुढे आयटी पार्क मंजूर करून घेणे. पार्क आला की यज्ञेशला इथे नोकरी. मुलगा आला की सून ऋता, नात अनुया येणारच. आणि नातीला सांभाळायला पंधरा दिवसांसाठी गेलेली उमाही परत. (दोन वर्षं झाली. पण कारणं योग्य आहेत.)

उमाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवलात का? विषयांतराची सवय जुनीच.

२१ जून
यज्ञेश गाडी घेऊन आला. तासभर होता. शिलाई मशीन आणि मोठा कुकर घेऊन गेला, उमाने मागवलं म्हणे. बरंच झालं. मशीनच्या जागी टेबल लावलं, आता नकाशा पूर्ण पसरतो. आणि एकट्याला पाच लिटरचा कुकर हवाय कशाला?

त्याला पार्कचं सांगायचं होतं, पण त्याचा ऑफिसचा कॉल चालू होता. निघताना म्हणाला, बाबा, तुम्हीपण चला ना आता. हसलो. शहर कोणावर सोडून जाऊ?

२९ जून. सायंकाळ
'कात्रप नागरी नियोजन मंडळ' स्थापन. अध्यक्ष मी. पहिली सभा आमच्या हॉलमध्ये. सोसायटीचा सेक्रेटरी समीर याने ग्रुपवर मेसेज टाकला होता. खूप अंगठे आले. माणसं आली नाहीत.

आला फक्त धर्मराज. कंपनीत माझ्या हाताखाली होता, कुळगावचा, भातशेती आहे. नकाशा बघून म्हणाला, "सायेब, हे तं आमचंच शेत हाय. आमचे शेतान काय कम्प्युटर पेरताव?" समजावलं की विकासाला थोडा त्याग लागतो. तो म्हणाला, मग तुमच्या बिल्डिंगवर करा की पार्क. अडाणी प्रश्न. 

मग वहिनी कधी येणार म्हणून विचारायला लागला. विषय अजेंड्यावर नव्हता. सभा बरखास्त.

रात्री सभेचे उरलेले समोसे. सकाळीपण समोसेच असतील.

६ जुलै
सूचनेसोबत जोडायचा नकाशा तयार. अनुयाचे स्केचपेन कपाटात सापडले. निळा वाळून गेला होता. दोन वर्षं टोपण उघडं. जांभळा चालत होता, म्हणून पार्क जांभळा केला. रंगाला कोण विचारतंय, कल्पना महत्त्वाची. शेत धर्मराजचंच ठेवलं आहे. मैत्री एकीकडे, नियोजन एकीकडे.

२ ऑगस्ट
सुनावणीचं पत्र आलं! १८ तारीख. उमाला कळवलं. ती म्हणाली, मी सतराला येतेच आहे.

सतराला! सुनावणीच्या आदल्या दिवशी! दोन वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्या कामाचं महत्त्व पटलं. पंखे पुसले. अळूवड्या सांगून ठेवल्या.

१७ ऑगस्ट, रविवार
उमा आली. सोबत यज्ञेश. ती चहाआधी माळ्यावर चढली. गौरींचे मुखवटे, समया, मखर, चौरंग, सगळं खाली उतरवलं. जुन्या साड्यांत गुंडाळलं.

यंदा गणपती पुण्याला बसवायचा म्हणाली. ऋताला सुट्टी नाही, अनुयाची शाळा. गुरुजींना विचारलं आहे, चालतं. मी म्हटलं, यंदापुरताच ना? ती साडीची गाठ मारत राहिली. गाठ बरीच घट्ट मारायची होती बहुतेक.

सुनावणीचं सांगितलं तर म्हणाली, नीट बोला, आणि छत्री न्या. दिवेलागणीआधी निघालेसुद्धा. अळूवड्या डब्यात भरून दिल्या.

दरवर्षी जिथे गणपतीचा चौरंग मांडायचो तो कोपरा आता फारच मोठा दिसतो. हॉल एवढा मोठा आहे हे विकत घेताना बिल्डरने सांगितलं नव्हतं.

१८ ऑगस्ट. दुपार
सुनावणी झाली. समितीत एक बाई होत्या. माझा नकाशा बघून म्हणाल्या, आजोबा, जांभळा म्हणजे कारखाने. तुम्ही वस्तीशेजारी कारखाने मागताय का? खुलासा केला. मग विचारलं, आराखड्यात तुमची जमीन जाते का? नाही. घर? नाही. मग तुमची हरकत नेमकी काय आहे?

पाठ केलेलं भाषण होतं. तोंडातून आलं ते असं: मुलगा पुण्याला असतो. बायकोपण.

बाईंनी मान वर करून पाहिलं. काहीतरी लिहिलं. पाणी घ्या म्हणाल्या.

एकंदर अनुकूल वातावरण.

बाहेर धर्मराज रांगेत होता. त्याने शेत वाचवायला हरकत घेतली आहे. माझ्याच नकाशाविरुद्ध. नंतर दोघांनी कटिंग घेतली. पैसे त्याने दिले.

१९ ऑगस्ट
आनंदाची बातमी. माळ्यावर शेवटपर्यंत चढून पाहिलं, तर मोदकपात्र इथेच! उमा मोदकपात्र विसरेल? शक्य नाही. मुद्दाम ठेवलं आहे. पुढच्या वर्षी गणपती इथेच, हा त्याचा अर्थ. बायका असं तोंडाने सांगत नाहीत.

चिंच लावून घासलं. आरशासारखं झालं. त्यात पाहिलं तर दाढी वाढली आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
राहवलं नाही. उमाला फोन केला. म्हटलं, मोदकपात्र इथे राहिलंय, माझ्या लक्षात आलंय बरं.

ती म्हणाली, राहिलं नाही, ठेवलंय. ऋताने इथे विजेवरचं आणलंय, एकवीस मोदक एकदम होतात. ते कोणाला हवं असेल तर देऊन टाका. मग म्हणाली, उद्या येताय ना? हॉलमध्ये तुम्हाला गादी घालून ठेवते.

येतो म्हणालो.

पात्र परत माळ्यावर ठेवलं. ते सोडलं तर माळा आता सगळा मोकळा आहे. तिथे काय करायचं, सुचलं नाही.