फळ्यावरची शनिवारची बातमी

३ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, तिकडची खुशाली कळवत जावी.

तू पाठवलेला जुना लॅपटॉप पोचला. तीन दिवस मी तो टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. चौथ्या दिवशी तुझ्या आत्याने विचारलं की हे यंत्र आहे की बाळंतीण, तेव्हा उघडला. औषधाच्या दुकानवाल्यांनी चालू कसा करायचा ते दाखवलं, आणि बंद कसा करायचा ते मी माझं मी शोधून काढलं.

आता रोज सकाळी सहाला मी तुमच्या वर्तमानपत्राचं इंटरनेटवरचं पान उघडतो. छापील अंक आपल्या गल्लीत साडेदहाच्या बसने येतो. तोवर बसथांब्यावरच्या माझ्या फळ्यावर रोजच्या पाचही बातम्या खडूने लिहून झालेल्या असतात. छापखाना सोडल्यापासून चौदा वर्षं मी लोकांना आदल्या दिवशीचं शिळं वाढत आलो, आता तव्यावरचं गरम वाढतो. परवा एका मंत्र्याने राजीनामा दिला आणि दोन तासांनी मागे घेतला. दोन्ही वेळा फळ्यावर होतं, आणि छापील अंकात दोन्ही वेळा नव्हतं! औषधवाले म्हणाले की खडूकाका, आता प्रत्येकाच्या खिशात बातम्या आहेत, तुमच्या फळ्याची गरज काय? मी त्यांना सांगितलं की खिशातली बातमी माणूस मान खाली घालून एकटा वाचतो, फळ्यावरची मान वर करून चौघांत वाचतो. त्यावर ते मान हलवून आत वळले, पण पटलं म्हणून की गिऱ्हाईक आलं म्हणून, ते सांगता येत नाही.

सतरा तारखेला नगरपालिकेचं मतदान. आपल्या वॉर्डातून शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आणि बस-गॅरेजचे मालक उभे आहेत. गल्लीत दुसरा विषय नाही.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढला तर माझी हरकत नाही.
तुझे,
बाबा


९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून कचेरीत एकटीच हसत बसले. शेजारचा म्हणाला की कोणती बातमी आली, मला पण सांग.

लॅपटॉप वापरताय याचा आनंद आहे, पण जरा जपून. छापील अंक एकदा छापला की छापला. आमचं तसं नाही. सकाळी सातला जी बातमी माथ्यावर असते ती आठला तळाशी असते आणि नवाला कधीकधी नसतेच. आमच्या विभागप्रमुख काचेच्या खोलीत बसून दुसऱ्या वर्तमानपत्रांची पानं बघत असतात, आणि त्यांच्याकडे एखादी गोष्ट आपल्या आधी आली की काचेवर टकटक करतात. त्या टकटकीने आम्ही सगळे दचकतो. तेव्हा बाबा, दिसलं की लगेच खडू उचलू नका. निदान दोन ठिकाणी बघा. प्रूफ आणि मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय वाचायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

एक फुशारकी मारते. आमच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर निळ्या पट्टीत तारीख असते, ती मी बसवून घेतली. आधी नव्हती. तारीख नसलेलं वर्तमानपत्र म्हणजे रद्दी, हे तुमचं वाक्य मी बैठकीत माझं म्हणून सांगितलं.

आत्याच्या गुडघ्यांना नमस्कार. फोनवर तुम्ही ‘बरा आहे, ठेवतो’ याच्यापुढे जात नाही, म्हणून पत्राची वाट बघते.
तुमची लाडकी (दुसरी कोणी नाही म्हणून),
टिंबू


१९ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचून फोन करू नकोस. मला बोलवणार नाही.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. शनिवारी दुपारी मी तुमच्या पानावर वरच्या शोधायच्या चौकोनात ‘मतदान’ एवढा एकच शब्द टाकला. पान उघडलं. मतपत्रिकेत दोन उमेदवारांची चिन्हं अदलाबदल होऊन छापली गेल्यामुळे नगरपालिकेचं मतदान एक आठवडा पुढे ढकललं, अशी बातमी होती. माथ्यावर त्याच दिवसाची तारीख. अगं, चाळीस वर्षं छपाईचे खिळे जुळवलेल्या माणसाला दुसऱ्या छापखान्याची चूक म्हणजे मेजवानी. कुठल्या गाढवाने प्रूफ वाचलं असेल याचाच विचार करत मी बाहेर गेलो आणि लाल खडूने, वीतभर अक्षरांत, फळ्यावर ती बातमी लिहिली. दोन ठिकाणी बघायचं तू बजावलं होतंस. पण पोटच्या पोरीच्या पानाची खातरजमा करायला शेजारच्या दारात कशाला जायचं, असं मला वाटलं.

मतदान पुढे ढकललंच नव्हतं. रविवारी ठरल्याप्रमाणे झालं. कंबर धरल्यामुळे मी शनिवार संध्याकाळपासून अंथरुणात होतो, मला काही पत्ता नाही. आपल्या गल्लीत दुसऱ्याच्या फळ्याला कोणी हात लावत नाही, त्यामुळे माझी लाल अक्षरं सोमवार सकाळपर्यंत तशीच होती.

आज निकाल लागला. मुख्याध्यापिकाबाई अकरा मतांनी पडल्या. अकरा! गल्लीत बेचाळीस घरं आहेत आणि सगळी त्याच फळ्यावरून ये-जा करतात. त्यातली अकरा माणसं माझं वाचून घरी बसली असतील तर त्या बाईंना मी पाडलं. ज्या बाईंनी दोन वर्षं उन्हातान्हात फिरून गटाराचं काम मंजूर करून घेतलं, त्यांना एका म्हाताऱ्याच्या खडूने घरी बसवलं. मी फळा पुसला आहे. आता तो कोराच राहील. मी कानाला खडा लावला.

कळावे. लोभ ठेवावा असं म्हणायचीही मला लाज वाटते.
बाबा


२४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. चूक तुमची एकट्याची नाही. निम्म्याहून जास्त माझी आहे, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये.

तुम्ही वाचलेलं पान मी शोधून काढलं. ती बातमी दोन वर्षांपूर्वीची आहे, दुसऱ्याच एका नगरपालिकेची. गावाचं नाव मजकुरात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. आणि तारीख? ती निळी पट्टी! बाबा, ती पट्टी बातमीची तारीख दाखवतच नाही. ज्या दिवशी माणूस पान उघडतो त्या दिवसाची दाखवते. दोन वर्षांपूर्वीची बातमी असो की दहा, माथ्यावर आजचीच तारीख. मी बसवून घेतली तेव्हा पहिल्या पानाचाच विचार केला, जुन्या पानांचा केलाच नाही. छापील कागद निदान पिवळा तरी पडतो. आमचं जुनं पान नव्या पानाइतकंच गोरंगोमटं दिसतं.

विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यात एवढं काय, उलट लोकांना ताजं वाटतं. मी म्हटलं की माझ्या वडिलांना ताजं वाटलं आणि त्यांनी एका गल्लीचं मतदान पुढे ढकललं. मग मात्र त्यांनी चष्मा काढला. परवापासून प्रत्येक बातमीखाली तिची स्वतःची तारीख येते, आणि जुन्या बातमीवर ती जुनी असल्याची ओळ ठळक असते.

पण त्याने अकरा मतं परत येत नाहीत, हे मला कळतं. तेव्हा एक करा. मनात मांडे खात बसण्यासारखंच हे मनात खड्डे खणत बसणं आहे. खरोखर कोण घरी राहिलं ते विचारा. लोक तुमचं मन दुखवायचं नाही म्हणून खोटं बोलतील असं वाटत असेल, तर मतदानाची शाई अजून त्यांच्या बोटावर असेल. हातच्या काकणाला आरसा कशाला?

जेवत जा. आत्याला मी वेगळं लिहिलं आहे.
तुमची अपराधी,
टिंबू


२८ मार्च

चि. टिंबूस,
अ. उ. आ. तुझ्या बापाला तू कसलं खूळ डोक्यात भरवून दिलंस? बेचाळीस घरांची दारं वाजवत फिरतोय आणि येईल त्याच्या डाव्या हाताचं बोट धरून भिंग लावून बघतोय. शिवणवाल्या बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली नव्हती, तरी याने बोट ओढलं. चांभाराची बोटं मुळातच काळी, तर त्याच्यापाशी पाव तास गेला. लाँड्रीवाल्याचं बोट कोरं निघालं तेव्हा याचा चेहरा असा पडला की मला पाणी आणावं लागलं. मग कळलं की तो बिचारा बारा तारखेपासून दवाखान्यात होता, पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनचा इतका आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

माझं बोटही तपासलं. सख्खी थोरली बहीण आहे, पण विश्वास नाही. मी रविवारी गल्लीच्या टोकाच्या माझ्या घरून परस्पर गेले, नऊ वाजता रांगेत होते. हा दिसला नाही, तेव्हा दरवेळसारखा दार उघडताच पहिलं मत टाकून गेला असणार असं आम्ही सगळे म्हणालो. बावन्न वर्षांत याचा पहिला नंबर कोणी घेतलेला नाही.

जेवण बरं चाललंय. फळा मात्र कोराच आहे, आणि थांब्यावरची माणसं सवयीने त्याच्याकडे बघतात आणि मग आपापल्या फोनमध्ये मान घालतात. ते मला बघवत नाही.

माया आहे, ती आहेच. लोकरीचे मोजे पाठव.
तुझी आत्या


२ एप्रिल

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद. जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहितो.

गल्लीतली सगळी बोटं पाहून झाली. त्रेसष्ट माणसांच्या बोटांवर शाई आहे. लाँड्रीवाल्याचं तुला आत्याने कळवलं असेलच. माझ्या फळ्यामुळे या त्रेसष्टांतलं एकही माणूस घरी बसलं नाही. हे कळल्यावर मी औषधवाल्यांच्या बाकावर बसलो आणि सरळ रडलो. त्यांनी मला गोळी द्यायला घेतली, मी म्हटलं नको, हे चांगलं रडणं आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला कडू होतं. शनिवारी संध्याकाळी फळ्यापुढे पंधरा-वीस माणसं उभी होती म्हणे. सगळ्यांनी बातमी वाचली आणि लगेच आपापल्या फोनवर पाहिलं. दुसरीकडे कुठेच तसं काही नव्हतं. मी विचारलं की मग मला येऊन सांगितलं का नाही? तर प्रत्येकाला वाटलं की सकाळी रांगेत खडूकाका भेटतीलच, तेव्हा हळूच सांगू, चारचौघांत नको. आणि पुढचंही सांगितलं. पूर्वी मी छापील अंकावरून लिहायचो तेव्हा फळ्यावरचं कोणी तपासत नसे. लॅपटॉप आल्यापासून सगळे तपासतात. मंत्र्याचा राजीनामा मी सकाळी लिहिला आणि अकराला पुसला, तेव्हापासून ही सवय लागली. टिंबू, ज्या अविश्वासाचं मला वाईट वाटायला हवं त्यानेच माझी लाज राखली. मी त्यांचे हात धरून आभार मानले.

तरीही मुख्याध्यापिकाबाईंना सांगितल्याशिवाय राहवेना. काल त्यांच्या घरी गेलो. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. सगळं सांगितलं, त्रेसष्ट बोटांसकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या की पडायचं कारण मी दुसरीकडेच शोधते आहे, पलीकडच्या दोन गल्ल्यांत मी फिरलेच नाही. मग सहज, गंमत म्हणून, त्या म्हणाल्या की सगळ्यांचं बघितलंत, आता तुमचं दाखवा.

मी हात पुढे केला. तुला हे लिहायला मला दोन पत्रं लागली. गेल्या पत्रात लिहायला हवं होतं, पण हात धजला नाही. माझं बोट कोरं आहे. कंबर दुखत होती हे खरं, पण मतदान असतं तर मी काठी टेकत गेलो असतो. मी गेलो नाही, कारण मतदान पुढे ढकललंय असं मी वाचलं होतं. माझ्याच फळ्यावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्या गल्लीत त्या लाल अक्षरांवर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि तो ती लिहिणारा होता.

छापखान्यात आमचा नियम होता की चूक ज्या पानावर झाली, दुरुस्ती त्याच पानावर आली पाहिजे. आज सकाळी मी खडू घेतला आणि तेवढीच वीतभर अक्षरं काढली:

‘दुरुस्ती. १६ मार्चला या फळ्यावर मतदान पुढे ढकलल्याची बातमी होती. ती खोटी होती. तिच्यामुळे या गल्लीतलं एक मत बुडालं. ते फळा लिहिणाऱ्याचं होतं.’

थांब्यावरच्या सगळ्यांनी ते दोनदा वाचलं. मग चांभार हसला, शिवणवाल्या बाई हसल्या, आणि साडेदहाच्या बसचा चालक खिडकीतून वाचून इतका हसला की बस तीन मिनिटं उशिरा सुटली. मीही हसलो. तुझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर इतका मोकळा हसलो नव्हतो. औषधवाल्यांनी आतून नवी खडूची पेटी आणून दिली आणि उद्या काय लिहिणार ते विचारलं. मी म्हटलं, पाचच्या जागी तीन बातम्या, पण दोन ठिकाणी पाहून, आणि प्रत्येकीपुढे तिची तारीख.

शाळेत जाता जाता मुख्याध्यापिकाबाई थांबल्या. पूर्ण दुरुस्ती शांतपणे वाचली. मग म्हणाल्या की बरं झालं कळलं, म्हणजे मी खरी पडले ती दहाच मतांनी. मत गुप्त असतं, म्हणून मी काही बोललो नाही. पण टोपी काढली.

कळावे. लोभ होता त्याहून वाढला असेल, अशी माझी खात्री आहे. ही बातमी मात्र दुसरीकडे पाहून घ्यायची गरज नाही.
तुझे,
बाबा